आत्याचा पाठमोरा फोटो

कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याचं चामडी कव्हर हाती लागलं. त्याचा वास नाकात शिरला आणि मी थेट दौलताबादच्या किल्ल्यावर पोचलो, गंगापूरच्या आत्याबरोबर.

अंधारी वाट आणि न संपणाऱ्या पायऱ्या आत्या चपला हातात घेऊन माझ्यापुढं चढली होती. माथ्यावर वारा असा, की पदर आवरेना! रोलमधला शेवटचा फोटो मी तिच्यासाठी राखला होता.

"आत्या, इकडं बघ!" मी ओरडलो.

"थांब रं! आमचं गंगापूर तिकडंच ना? बाई गं, लई लांबचं दिसतंय इथून!" म्हणत तिनं पाठ फिरवली, हात लांब केला, आणि नेमकं तेव्हाच माझं बोट दाबलं गेलं.

फोटो धुऊन आला तेव्हा मी केवढा चिडलो होतो. चेहराच नाही!

आज तोच फोटो कव्हरातून निघाला. उडणारा पदर, लांब केलेला हात, पुढं सगळा मुलूख पसरलेला. लग्नाकार्यांतल्या बाकीच्या फोटोंत आत्या कुणीतरी सांगितलं तिकडं बघतेय. या एकाच फोटोत ती तिला हवं तिकडं बघतेय.