जग बुडणार होतं त्या दुपारी

काल शेजारून खापरावरच्या पुरणपोळीचा खरपूस वास आला आणि मी थेट एरंडोलच्या आमच्या गल्लीत, २००८ सालच्या एका दुपारी पोचले. परदेशात जमिनीखालच्या भल्यामोठ्या बोगद्यात कणांची टक्कर घडवणारं यंत्र त्या दिवशी सुरू होणार होतं, आणि आता जग बुडणार म्हणून टीव्हीवाले ओरडत होते. शेजारच्या अक्कांनी सकाळीच पुरण शिजवलं. म्हणाल्या, "उपाशीपोटे कसाले मरो?"

दुपारी गल्ली त्या पोळ्या खात आमच्या टीव्हीपुढे जमली, कारण मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते. अक्कांनी विचारलं, "पोरी, ते मशीन बठ्ठं गिळी टाकी का?"

"नाही हो अक्का, सगळं कसं गिळेल? दोन डास एकमेकांवर आपटले तर जेवढा जोर, तेवढाच त्या कणांचा."

"दोन डाससाठे इतलं मोठं मशीन?"

सगळे खो खो हसले. तेवढ्यात पडद्यावर ठिपका चमकला. बोगद्यातून कणांची पहिली फेरी पूर्ण झाली होती! "फिरले! फिरले!" म्हणत मी नाचायलाच लागले. गल्लीनं तुपाळ हातांनी टाळ्या पिटल्या.

माझे वडील, नाना, मला पुढे शिकायला पुण्याला पाठवायला अजिबात तयार नव्हते. ते पडद्यावर डोळे पुसत हसणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईकडे बघत होते.

"तठे पोरी बी काम करतस का वं?"

"तिथे मुलीही करतात ना, नाना."

ते अक्कांकडे वळले. "मंग आमनी पोर पुण्याले जाई."

त्यांना विज्ञान किती कळलं, कोण जाणे. आज वाटतं, मला इतक्या आनंदानं नाचताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.