अण्णांच्या पोटात राहिलेली गोष्ट

बिदर ते चिटगुप्पा या रस्त्यावर कुणाच्याही घरी काहीही घडलं, तरी ते आधी आमच्या नौबादच्या गल्लीतल्या समोरच्या अण्णांना कळे, आणि मग त्या घरातल्यांना. अण्णा त्या रस्त्यावर बावीस वर्षं सरकारी बसचे कंडक्टर होते. मागच्या सीटवर कुजबुजलेली गोष्ट पुढच्या दारापर्यंत पोचवणं हे ते तिकीट फाडण्याइतकंच कर्तव्य समजत. मुडबीचे पाहुणे माझ्या पुतणीला बघून गेले. त्यांचा होकार आम्हाला त्यांच्या फोनच्या दोन दिवस आधी अण्णांकडून कळला. पोरगी चहात साखर विसरली होती, हेही तेव्हाच कळलं.

बायको गेली, मुलगी उदगीरला नांदायला गेली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी अण्णांनी नोकरी सोडून जाहीर केलं, की आपण फादर होणार. ते जन्माचे कॅथलिक, तेव्हा त्यात नवल नव्हतं. वयालाही कुणी हसलं नाही. पण त्यांच्या चर्चमध्ये माणसं फादरजवळ आपली पापं कबूल करतात, आणि ऐकलेलं फादरनं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. शेजारची अक्का म्हणाली, "अण्णा फादर झाले तर गाव पाप करायचंच सोडंल की!"

चर्चच्या म्हाताऱ्या फादरांनी तेच जरा सभ्यपणे सांगितलं. वर्षभर बघतो, पोटात राहतं असं दिसलं तरच बिशपांना चिठ्ठी लिहितो.

अण्णा माझ्याकडे आले, कारण गल्लीत कशाचीही वेळ वहीत लिहून ठेवायची सवय मला एकट्यालाच. "मला एक गुपित सांग. किती टिकतंय बघू."

मी केसांना कलप लावतो, हे सांगितलं. चाळीस मिनिटांनी न्हाव्यानं कुठला कलप म्हणून विचारलं. दुसरं गुपित दीड दिवस टिकलं. "चाळीस मिनिटांवरून दीड दिवस! सुधरायलोय की न्हाई?" तिसरं अकरा दिवस राहिलं. त्यातले शेवटचे तीन दिवस अण्णांना बारीक ताप होता. मी तिन्ही आकडे वहीत लिहिले. वर्ष सरत आलं होतं.

त्याच सुमारास माझ्या छातीच्या फोटोत डाग दिसला. हैदराबादला तपासणी करायला सांगितली. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली, म्हणून कुणाला बोललो नाही. पण एकट्याला पेलवेना, तेव्हा समोरच्या ओट्यावर जाऊन अण्णांना सांगितलं. वही नेली नव्हती. अण्णा एवढंच म्हणाले, "मी येतो संगट." आणि आले.

बायकोला संशय आलाच. तिनं अण्णांना चहाला बोलावलं, समोर मिरची भजी ठेवली आणि विचारलं, "अण्णा, हे कामून गप गप हायत? काय झालंय ह्यांना?" अण्णांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. त्यांनी अख्खी मिरची तोंडात घातली. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी दुसरी घातली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण तोंडातून "वहिनी, पाणी" याखेरीज शब्द निघाला नाही.

एकोणिसाव्या दिवशी रिपोर्ट आला. काही नव्हतं. मी घरी सगळं सांगितलं. बायको आधी रडली, मग म्हणाली, "तरीच! सात मिरच्या खाल्ल्या त्यांनी."

मी अण्णांना म्हटलं, "आता फादरांना सांगा की, एकोणीस दिवस राखलं म्हणून."

"मी कामून सांगू? माझं हाय का ते?"

म्हणजे नापास झाल्याचे तीन पुरावे माझ्या वहीत, आणि पास झाल्याचा एकुलता एक त्यांना उघडता येईना. शेवटी मीच चर्चमध्ये गेलो आणि म्हाताऱ्या फादरांना फोटोतल्या डागापासून सातव्या मिरचीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच चिठ्ठी लिहायला घेतली.

सहा वर्षं अण्णा सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शाळेत, शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गातली डोकी मोजून प्राध्यापकांना सांगितलं म्हणे, "एक कमी हाय, थांबा जरा." आता ते कलबुर्गीकडच्या एका खेड्यात फादर आहेत. मागच्या महिन्यात भेटून आलो. सवयीनं विचारलं, "काय नवीन गावात?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीतलं केळं सोललं आणि निम्मं तोंडात घातलं. मला फार बरं वाटलं.

परत आलो तर गल्लीच्या टोकाच्या घराला कुलूप होतं. तिथले आजोबा नऊ दिवस दवाखान्यात होते. आम्हाला दहाव्या दिवशी कळलं, तेही ते गेल्यावर. अण्णा समोर असते, तर चाळीस मिनिटं लागली असती.