मरणाच्या टाचण्या

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत अठरा वर्षं बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच रांग लावून येतात. त्यातही नकाशाच्या वर्षातले तर भन्नाट!

झालं असं, नव्या आरोग्य अधिकारी मॅडमनी भिंतीवर शहराचा मोठा नकाशा लावला. एक मृत्यू, एक लाल टाचणी. जिथं टाचण्या जास्त, तिथं नवा दवाखाना. मला इतका हुरूप आला की पहिल्या दिवशी डबा खायचाच राहिला.

*

महिन्याभरात एक कॉलनी लालभडक! तिथले नगरसेवक तणतणत आले. "आमच्याकडं प्लॉट कुणी घेईना झालंय. साथ आलीय का काय?"

साथ कसली! मोठं हॉस्पिटल त्यांच्याच कॉलनीत. गावभरचे पेशंट तिथं जायचे आणि मी टाचणी तिथंच टोचायचो. मॅडम म्हणाल्या, "उपटा सगळ्या. माणूस जिथं राहायचा, तिथं लावा."

*

मग मी पत्ते विचारू लागलो. एक गृहस्थ वडिलांची नोंद करायला आले. वडील सहा महिने यांच्याकडे, सहा महिने धाकट्या भावाकडे.

"टाचणी कुठं लावू?"

"धाकट्याकडं लावा. पाळी त्याची चालू होती."

*

रुळापलीकडच्या वस्तीत मात्र एकही टाचणी नाही. तिथली आशा सेविका कांताबाई सारखी दवाखाना मागायची. "मॅडम, घरोघर दमा हाय. एकदा येऊन तर बघा."

मॅडम नकाशा दाखवायच्या. "तुमच्याकडे कुणी मरतच नाही हो."

खरं सांगतो, मला कांताबाईचाच राग यायचा. नकाशा माझा होता ना!

*

दवाखाना दुसरीकडे द्यायचं जवळपास ठरलं आणि या निरोगी वस्तीचा सत्कार ठेवला. तिथले सर्वांत वयस्कर मारोतीमामा शेळ्या सुनेवर सोपवून आले. शाल घातली, टाळ्यांत मी सगळ्यात पुढं.

मॅडमनी विचारलं, "मामा, तुमच्या वस्तीत मृत्यूच नाहीत. हे कसं काय?"

"इथं कशाला मरतोत, मॅडम? लय धाप लागली की घरचे पालमच्या यष्टीत बसवतेत. मरायला आमी गावाकडं जातोत. भाऊबंद तिकडं हायत."

मामा माझ्याकडं वळले.

"टाचण्या तुमीच लावता न्हवं? आमची म्हातारी पालमला पोचलीच न्हाई. गंगाखेडच्या अलीकडं, यष्टीतच गेली. तिची कुठं लावली?"