आमच्यात मुलींची करत नाहीत

शारजात, अल नहदाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक सोमाली कुटुंब राहायचं. त्यांच्या मुलाची सुंता क्लिनिकमध्ये झाली, त्या दिवशी मी खीर घेऊन गेले. आम्ही रत्नागिरीचे मुसलमान. मुलाची सुंता म्हणजे आमच्याकडेही गोडधोड आणि घरभर पाहुणे. पोरगा सोफ्यावर मुसमुसत होता आणि आम्ही बायका हलव्यावर ताव मारत होतो.

शेजारणीची आई नुकतीच गावाहून आली होती. तिने माझ्या मुलीकडे बघत काहीतरी विचारलं. शेजारीण तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "अम्मा पूछता है, तुम्हारा बेटी का हो गया?"

आधी मला कळेचना. कळलं तेव्हा मी हातातली बशी खाली ठेवली. "तौबा! हमारे में लडकियों का नहीं करते."

"देखो!" म्हणत शेजारणीने माझ्याकडे बोट केलं आणि आईशी तावातावाने बोलू लागली. मग मला म्हणाली, तिचं स्वतःचं लहानपणीच झालं होतं, जखम जुळेपर्यंत पाय बांधून ठेवले होते. दर महिन्याला, दर बाळंतपणात तिने ते भोगलं. तिला वाटायचं, जगातल्या सगळ्या मुसलमान बायकांचं असंच असतं. इथे आल्यावर मलबारी, पाकिस्तानी, माझ्यासारख्या कोकणी भेटल्या. पाच वेळा नमाज पढणाऱ्या, आणि कुणाचंच काही केलेलं नाही. "इतना गुस्सा आया सिस्टर! फिर मेरा किसलिए किया?" तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. "इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

म्हातारीने विचारलं, मग हिच्याशी लग्न कोण करणार? शेजारीण हसली. म्हातारी हसली नाही. नातवाचं कापलं म्हणून हलवा खाता, मग नातीचं काय वाईट, हा तिचा दुसरा प्रश्न. मी भडकले. मुलाचं आठवड्यात बरं होतं, तुझ्या लेकीचं अजून दुखतंय, असं सुनावलं. शेजारणीने ते आईला सांगितलं की नाही, कोण जाणे. म्हातारीने हलव्याची बशी माझ्यापुढे सरकवली.

पुढे म्हातारी परत गेली. मग शेजारणीच्या नवऱ्याची नोकरी गेली. इथे नोकरी गेली की व्हिसा खलास. तो दुसरीकडे काम शोधायला गेला आणि ही दोन्ही मुलांना घेऊन आईकडे निघाली. लिफ्टपाशी मी तिचा हात धरला. "लडकी को संभालना."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. आमचा प्लंबर 'उद्या येतो' म्हणताना म्हणतो, अगदी तसं. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

शाळा सुरू होऊन काही महिने झाल्यावर शेजारणीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मुलीने झडप घालून फोन घेतला. मैत्रीण चटईवर पडलेली, मांड्यांपासून घोट्यांपर्यंत पाय बांधलेले.

"व्हाय आर यू टाइड अप?" माझ्या मुलीने विचारलं.

"आय ॲम बिग नाऊ," ती म्हणाली. चेहरा ओढलेला, पण आवाजात तोरा होता.

मी फोन हिसकावून घेतला. शेजारीण समोर आली. मी तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अम्मा ने जबरदस्ती नहीं किया, सिस्टर. ये खुद बोला. स्कूल में इसके बाजू में कोई नहीं बैठता था. गंदी बोलते थे. रोज रोता था, मेरा भी करो, मेरा भी करो." ती रडायला लागली. "उधर तुम था. मैं उंगली दिखाके बोलता था, देखो, इनका भी नहीं हुआ. इधर किसको दिखाएगा?"

तिच्या मागून पोरीने पाणी मागितलं आणि शेजारणीने फोन ठेवला.