दोनशे मीटरच्या आत

अण्णा पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले ते एका मित्राचं काम घेऊन. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मला वकिली सुरू करून फार काळ झाला नव्हता, आणि अ‍ॅव्हेन्यू रोडवर एका लग्नपत्रिकांच्या दुकानाच्या वर मला एक खोली मिळाली होती. बाबांच्या ओळखीचं कुणी जिना चढून आलं की बहुधा भाडेकरूचं भांडण असायचं. अण्णा बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, आमच्या कानडी शहरातल्या मराठी मंडळाचे चिटणीस. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. गणपतीत लाउडस्पीकर कधी बंद करायचा ते अण्णा ठरवत, आणि तो बंद होत असे.

"माझा एक मित्र आहे," ते खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले. "विधुर आहे. हेब्बाळकडे एक बाई राहतात, त्यांच्याकडे तो महिन्यातून एकदा जातो. पैसे देतो. यात कायदा काय म्हणतो तेवढं सांग."

मी लहानपणापासून त्यांच्या पाया पडत आले होते. तेव्हा टेबलावरचा पेपरवेट सरळ केला आणि विचारलं, "मधे कुणी दलाल वगैरे?"

"छे. त्यांचं त्या बघतात."

"घरात आणखी कुणी बायका?"

"म्हातारी मावशी आहे. ऐकायला कमी येतं. इडल्या फार हलक्या करते." मग घाईने म्हणाले, "असं मित्र सांगत होता."

मी पुस्तक काढलं. या विषयाचा कायदा कॉलेजात आम्हाला घाईघाईने शिकवला होता, कारण प्राध्यापकांना वर्गातल्या मुलींकडे बघून तो वाचता येत नव्हता. आता मी तो सावकाश वाचला. स्वतःच्या घरात राहणारी एकटी बाई आपल्या मर्जीने कुणाला भेटते, तो पैसे देतो, एवढ्यावर गुन्हा होत नाही. रस्त्यावर उभं राहून बोलावलं तर होतो. दोघींनी मिळून घर चालवलं तर ते घर कुंटणखाना ठरतं. आणि देऊळ, शाळा, इस्पितळ अशा जागेपासून दोनशे मीटरच्या आत हे चालत असेल, तर बाई आणि तिच्याकडे येणारा, दोघंही गुन्हेगार. तीन महिन्यांपर्यंत कैद.

अण्णांनी पहिल्या भागाला मान डोलावली. शेवटच्या भागाला डोलावली नाही.

"जवळ काही नाही," ते म्हणाले. "नवं लेआउट आहे, वसाहत व्हायचीय अजून. निम्म्या साइट रिकाम्या. म्हशी चरतात."

"मग मित्राला सांगा, लॉजवर कधी जाऊ नका. तिथे धाड पडते. पोलीस कायद्याचं कलम नंतर बघतात, आधी गाडीत घालतात. पेपरात तोंडाला रुमाल बांधलेला फोटो येतो."

"आमच्यात रुमालावरूनसुद्धा ओळखतील," अण्णा म्हणाले. ते विनोद करत नव्हते. मंडळातल्या बायका खरंच तेवढ्या हुशार होत्या.

"आणि ती मावशी. तिचा खर्च त्या बाईंच्या कमाईतून चालतो का?"

"चालणारच ना."

"मग सगळ्यात पक्का गुन्हा तिचा. अशा कमाईवर जगणाऱ्या सज्ञान माणसाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे."

अण्णा उठले. जाताना त्यांनी खालच्या दुकानातून नमुन्याच्या दोन लग्नपत्रिका घेतल्या, कुणी पाहिलंच तर सांगायला. कुणीतरी पाहिलं. पुढचा महिनाभर मंडळात कुजबुज होती की अण्णा पुन्हा बोहल्यावर चढणार. बाबांनी मला विचारलं, "ते तुझ्याकडे कशाला आले होते?" मी म्हटलं, "हेब्बाळच्या एका साइटचं काम आहे." हे खोटं नव्हतं.

काही दिवसांनी त्या बाई स्वतःच आल्या. वय चाळिशीच्या आसपास, नीट चापून नेसलेली सुती साडी, हातात चामड्याची फाइल. माहेर धारवाडकडचं, त्यामुळे मराठी स्वच्छ आणि हेल पूर्ण कानडी.

"वकीलबाई, साहेबांनी मित्र मित्र करून काय विचारलं ते मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "ते मित्र म्हणजे तेच. तुम्हाला कळलं असेल."

मी म्हटलं, "कळलं होतं."

"मला मावशीचं सांगा. तिला जेवायला घालायचं नाही का?"

मी सांगितलं की घाला. फक्त तिच्या नावावर घरभाड्याची पावती, बँकेचं खातं असं काही करू नका. आणि दुसरी काही उघड कमाई असेल तर मावशी त्यावर जगते असं म्हणता येईल.

"आहे की. विम्याची एजन्सी आहे माझी. खरी आहे. परीक्षा दिली मी." त्यांनी फाइल उघडून दाखवली. गल्लीत त्यांची हीच ओळख होती. पुरुष येत ते दिवसाउजेडी, आधी एसटीडी बूथवरून फोन करून, हातात कागद घेऊन. चपला दाराबाहेर काढायच्या नाहीत, आत घेऊन यायच्या, हा त्यांचा नियम. ओळखीच्या माणसाने शब्द टाकल्याशिवाय नवा माणूस घ्यायचा नाही, हा दुसरा. आलेल्या माणसाचं आडनाव विचारायचं नाही. "मला नको असतं ते. ठाऊक नसलं की पोलिसांनी विचारलं तरी सांगता येत नाही." एजन्सी आधी केवळ आडोसा म्हणून घेतली होती, पण शेजारणींनीच येऊन पॉलिसी काढायला सुरुवात केली. तोपर्यंत निम्म्या गल्लीचा विमा त्यांच्याकडे होता.

जिना उतरण्याआधी त्यांनी माझीही पॉलिसी काढली. बोलण्याची पद्धत चांगली होती. मृत्यूचा विषय त्या कुठेही न अडखळता काढत.

सहासात महिने सगळं सुरळीत चाललं, म्हणजे अण्णा आले नाहीत. मग एका दुपारी जिन्यावर धापा टाकत आले.

"देऊळ बांधतायत," ते म्हणाले. या वेळी मित्राचा उल्लेख आला नाही.

लेआउटच्या कोपऱ्यावर बागेसाठी राखून ठेवलेली एक रिकामी साइट होती. तिथे होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली आंजनेयाचा एक शेंदरी दगड कुणीतरी बसवला होता. आता गल्लीतल्या लोकांनी समिती केली होती, विटांचा ट्रक येऊन पडला होता आणि चार खांब उभेही राहिले होते.

"नुसता दगड असला तर सार्वजनिक देऊळ होतं का?" अण्णांनी विचारलं.

"वाद घालता येईल."

"छप्पर चढल्यावर?"

"मग नाही घालता येणार. पण अंतर किती आहे ते आधी बघा."

त्या आठवड्यात अण्णा स्कूटरवरून मला तिकडे घेऊन गेले. स्कूटरच्या मीटरवर ते अंतर मोजणार होते. बाईंच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत गेलो, पुन्हा मागे आलो. शेवटचा आकडा असा मधेच अडके की काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या फेरीला एक माणूस हात वर करून आडवा आला. तो साइट विकणारा दलाल होता.

"सार, कॉर्नर साइट पाहिजे का? पूर्वेला तोंड. समोर देऊळ येतंय. रेट वाढणार," तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

"देऊळ इथून किती लांब आहे?" अण्णांनी विचारलं.

"लांब कुठे सार! स्वल्पच. झोपून ऐकाल तर घंटा ऐकू येईल."

अण्णांचा चेहरा उतरला. दलालाने भाव कमी करून सांगितला.

त्यानंतर अण्णांनी असं काही केलं ज्याची मला कल्पना नव्हती. मला न विचारता ते पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेले आणि तक्रार केली की बागेच्या जागेवर अतिक्रमण होत आहे, मुलांना खेळायला जागा उरणार नाही. तक्रार खरी होती, म्हणून ऑफिसातल्यांना ती टाळता येईना. बातमी मंडळात पोचली. ज्यांना आधीपासून अण्णांची शिस्त आवडत होती ते म्हणाले, बघा, देवाच्या बाबतीतही भीड ठेवत नाही माणूस. मंडळातल्या एका तरुणाने त्यांचं एका कार्यक्रमात व्याख्यान ठेवलं, नागरिकांचं कर्तव्य या विषयावर. अण्णा बोलले. चांगले बोलले, असं बाबा म्हणाले.

वॉर्ड ऑफिसात दोन्ही बाजूंना बोलावलं तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. इंजिनिअरच्या टेबलासमोर आम्ही दोघं, आणि पलीकडे देवळाची समिती: निवृत्त हवालदार, किराणा दुकानदार आणि तीन बायका. तिघींतल्या मधल्या, चामड्याची फाइल मांडीवर घेतलेल्या, विम्याच्या बाई होत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

हवालदार कानडीत म्हणाला, "हे गृहस्थ आमच्या लेआउटमध्ये राहत नाहीत. मल्लेश्वरमला राहतात. यांना आमच्या बागेचं काय पडलंय?"

इंजिनिअरने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "नागरिक म्हणून."

"आमच्या गल्लीत तुम्ही कधी आलात का?" दुकानदाराने विचारलं.

अण्णांनी पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. मी म्हणाले, "तक्रार करायला तिथे येण्याची अट नाही." तेवढ्यात विम्याच्या बाईच बोलल्या, स्वच्छ कानडीत, इंजिनिअरकडे बघून: "सार, बाग वीस वर्षं होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तिथे लोक कचरा टाकतात, संध्याकाळी दारू पितात. देऊळ झालं तर दिवा लागेल. आम्हा बायकांना बसायला जागा होईल. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय." शेजारच्या बाईंनी मान डोलावून त्यांचा हात धरला.

इंजिनिअरने निर्णय पुढे ढकलला. त्या काळात तिथे निर्णय पुढे ढकलणं म्हणजे बांधा असंच असायचं.

बाहेर पानाच्या टपरीपाशी बाई समितीला पुढे पाठवून मागे थांबल्या. अण्णा म्हणाले, "मी तुमच्यासाठीच करत होतो. कायदा बघितलात ना? उद्या घुमट झाला की तुम्ही गुन्हेगार."

"आणि तुम्हीही," त्या म्हणाल्या. "ते सांगा की."

अण्णांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

"साहेब, मी त्या गल्लीत आठ वर्षं राहते. या बायका माझ्याकडे हप्ते भरायला यायच्या, उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या. काय ते त्यांना ठाऊक नसेल, पण काहीतरी आहे एवढा वास यायचा त्यांना. या देवळासाठी पहिल्यांदा मला कुणीतरी घरात बोलावून चटईवर बसवलं, वर्गणीचं काम दिलं. मी ते देऊळ तुमच्यासाठी मोडू?"

"मग तुमचं काम?"

"माझं काम मी बघेन. कायद्याचं मला वकीलबाईंनी समजावलंय." त्या माझ्याकडे वळल्या. "छप्पर चढेपर्यंत गुन्हा नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"सरी, बरं मग." त्यांनी पदर खोचला आणि बस पकडायला निघाल्या.

छप्पर चढायच्या आधी त्यांनी एकेकाला फोनवर सांगून टाकलं की आता येऊ नका. हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्या पॉलिसीचा हप्ता घ्यायला आल्या तेव्हा. दुसरीकडे घर घ्यायचा विचार केला होता, पण दोन घरांचं भाडं आणि नव्या गल्लीत पुन्हा पहिल्यापासून चपला आत घ्या, हे नको वाटलं म्हणाल्या. विम्यात तसंही बरं चाललं होतं. उत्पन्न निम्म्याहून कमी झालं, तेव्हा त्यांनी आपल्या भाड्याच्या घरातला पुढचा हॉल एका टाइपरायटिंग क्लासला द्यायचा ठरवला आणि त्यासाठी माझ्याकडून करार करून घेतला. क्लास ही शैक्षणिक संस्था होते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता काळजी करायचं कारण नाही. त्या हसल्या, मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अण्णांनी बरेच दिवस हेब्बाळचं नाव काढलं नाही. व्याख्यानाची दोन आमंत्रणं त्यांनी नाकारली. घरी सून आणि नातू इंग्रजीत बोलत आणि अण्णा संध्याकाळी देवळात, बँकेच्या जुन्या मित्रांकडे, कुठेही जाऊन बसत. एकदा आमच्याकडे आले होते तेव्हा मला अंगणात गाठून म्हणाले, "तिथे बोलायला बरं वाटायचं. बाकीचं असो." बाकीचं काय ते मी विचारलं नाही. अशिलाचं सगळं आपल्याला माहीत असावं असं मला कधी वाटलेलं नाही.

रामनवमीला त्यांनी स्कूटर आमच्या दारात लावली. म्हणाले, "देऊळ झालंय. बघून येऊ. तू बरोबर असलीस की बरं." आईने मला पाठवलं, अण्णा देवाला निघाले म्हणजे चांगलंच, असं तिला वाटलं.

देऊळ छोटंसंच होतं, पिवळ्या रंगाचं, आतला आंजनेय नव्याने शेंदूर फासलेला. कोपऱ्यावर मंडप घातला होता. पानक, म्हणजे गुळाचं पन्हं, आणि डाळीची कोसंबरी घ्यायला रांग होती आणि रांगेच्या टोकाला विम्याच्या बाई पातेल्यातून पानक वाढत होत्या. शेजारी मावशी स्टुलावर बसून पेले पुसत होती. हवालदार येणाऱ्यांच्या चपला रांगेत लावून घेत होता. त्याने अण्णांना ओळखलं, आणि नमस्कार केला. जिंकलेल्या माणसाचा नमस्कार होता, पण नमस्कारच होता.

अण्णांची पाळी आली. त्यांनी पेला पुढे धरला. बाईंनी डावभर पानक ओतलं, इतरांना ओतत होत्या तेवढंच.

"मावशी बरी आहे ना?" अण्णा म्हणाले.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. मग मागच्या माणसाकडे बघून, "पुढे सरका, साहेब. रांग मोठी आहे."

अण्णा पुढे सरकले. झाडाखाली उभं राहून त्यांनी पेला रिकामा केला, धुवून परत मावशीच्या हातात दिला आणि देवापुढे जाऊन बराच वेळ हात जोडून उभे राहिले. काय मागितलं ते त्यांना ठाऊक. येताना ते स्कूटर सावकाश चालवत मेखरी सर्कलपर्यंत आले. सिग्नलला थांबल्यावर मान वळवून म्हणाले, "पानकात वेलदोडा कमी पडला होता." मग सिग्नल सुटला.