टाके निघेपर्यंत

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातील एका रुग्णालयात मी शल्यचिकित्सा विभागाचा प्रमुख होतो. निवासी डॉक्टरांकडून सलग चोवीस तासांहून अधिक काम घेऊ नये, असे परिपत्रक त्या काळात आले. मला ते मान्य होते. शिकत असताना मी स्वतः एकदा रुग्णाच्या उघड्या पोटासमोर उभ्याने झोपलो होतो.

परिपत्रकाबरोबर एकही जादा डॉक्टर आला नाही.

आमच्या विभागाचा एक दंडक होता. ज्याने पोट उघडले, त्याने टाके निघेपर्यंत त्या रुग्णाला सोडायचे नाही. हा दंडक मीच घातला होता. परिपत्रकही मीच भिंतीवर लावले. दोन्ही एकत्र पाळणे अशक्य आहे, हे पहिल्याच आठवड्यात दिसले. मी दोन्ही तसेच राहू दिले. निवासी मुलांनी मार्ग काढला. सकाळी आठला हजेरीपटावर कामावरून सुटल्याची सही करायची आणि मागच्या जिन्याने पुन्हा वर यायचे. दर शनिवारी त्या हजेरीपटाखाली माझी सही होत असे.

निवासी डॉक्टरांत तिसऱ्या वर्षाला हिंगणघाटच्या एका दुकानदाराची मुलगी होती. तिचा हात उत्तम होता. तसे मी तिला कधी सांगितले नाही.

मे महिन्यात आंजीचा एक भाजीउत्पादक शेतकरी आतडे फुटून आला. सकाळचे नऊ वाजले होते. तिची सही तासाभरापूर्वीच झाली होती. दुसरे कोणी मोकळे नव्हते. शस्त्रक्रिया तिने केली. मी समोर उभा राहून मदत केली. पुढचे तीन दिवस ती त्याच्या खाटेजवळून फारशी हलली नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने मला वॉर्डात अडवले.

"साहेब, काऊन एवढं राबवून राह्यले या पोरीले? डोळे पाहा तिचे. झोपू द्या ना जरा तिले."

"मी झोपूनच आहो, मावशी," ती ड्रेसिंग करता करता म्हणाली. "रजिस्टर पाहा पाहिजे तं."

बाई हसली. मी पुढच्या खाटेकडे गेलो.

परीक्षेपूर्वी तिने आपली नोंदवही माझ्या टेबलावर ठेवली. स्वतः केलेल्या शस्त्रक्रिया त्यात वेळेसह लिहायच्या आणि विभागप्रमुखाने प्रमाणित करायच्या. ठरलेली संख्या भरली नाही तर परीक्षेला बसता येत नसे. तिच्या बारा नोंदी हजेरीपटातील विश्रांतीच्या वेळेत पडत होत्या. तपासणी समिती दोन्ही कागद ताडून पाहणार होती. नोंदी प्रमाणित कराव्यात तर हजेरीपट खोटा ठरणार आणि विभागाच्या निवासी डॉक्टरांच्या जागा जाणार. न कराव्यात तर पुढच्या परीक्षेपर्यंत तिचे सहा महिने जाणार.

"सर, ही ऑपरेशन्स मी केली आहेत."

"ठाऊक आहे."

"तुम्ही समोर उभे होता."

"त्या वेळी तू विश्रांती घेत होतीस."



"हो सर. छान झोप लागली होती."

मी बाराही नोंदींवर रेघ मारली. विभागाच्या जागा राहिल्या.

ती सहा महिने थांबली आणि त्या काळात तिने परिपत्रक अक्षरशः पाळले. मागच्या जिन्याने ती पुन्हा वर आली नाही. एका सकाळी आम्ही दोघे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी होतो. मुख्य काम तिने संपवले होते. त्वचेचे टाके घालणे चालू होते. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि सुई धरलेला चिमटा मूठ पुढे करून माझ्या हातात दिला.

"सर, आठ वाजले."

हातमोजे काढून ती समोरच्या जिन्याने खाली गेली. मी तिला थांबवू शकलो नाही. थांबवायला माझ्याजवळ कोणता नियम होता?

उरलेले टाके मी घातले. आठव्या दिवशी काढलेही मीच.