काहिलीतला दुसरा माणूस

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हॉस्टेलवर कुणी असलं काही सुरू केलं की सगळ्यात आधी मीच हसते. पण हे माझ्या पणजोबांनी, म्हणजे आबांनी, स्वतः सांगितलंय... आणि आबांना थापा मारताच यायच्या नाहीत!

चाळीसच्या दशकातली गोष्ट, युद्ध चालू होतं. गाव आमचंच. भिलवडीच्या वरच्या अंगाला कृष्णेचं वळण, काठावर गुऱ्हाळ. आबा ब्रह्मदेशातून सुट्टीवर आलेले. तिकडं नदीत विमानं उतरायची आणि त्याआधी पाणी तपासायचं यांचं काम. होडीत कायम दोघं. आबा वल्हवायचे आणि रहिमतपूरचा हमीद, पाण्याखाली धोका दिसला की लाल निशाण हलवायचा. एकट्यानं जायचं नाही, हा पहिला नियम. पण एकदा होडी उलटली... हमीद सापडलाच नाही. त्याची पत्र्याची पेटी घरी पोचवायला आबांकडे दिलेली. ती आठ दिवस खाटेखालीच! कारण पेटी हातात दिली म्हणजे त्याच्या आईला पोरगं गेलं असंच सांगणं की...

तर एका दुपारी डोक्यावर विमान! पायाला होड्या लावलेलं, इंजिन खोकतंय, नदीवर घिरट्या चालू. सगळं गाव काठावर. वारा बिलकूल नाही, पाणी काचेसारखं. आबांचा चुलतभाऊ म्हणाला, "बरं झालं, पाणी गप हाय."

"आरं त्येच वाईट!" आबा ओरडले. "काचेवर वरच्याला उंची कळत न्हाई, सरळ आपटतंय!"

गुऱ्हाळात एक काहील रिकामी होती. गूळ कढवायची ती भलीमोठी कढई, आमच्याकडे लोक त्यातनंच नदी ओलांडायचे. आबांनी तिच्यात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, भरलं आणि ती पाण्यात लोटली.

"दादा, मलाबी घ्या की!" चुलतभाऊ मागं धावला.

"येळ न्हाई गड्या!"

एकटेच गेले. वाडं फेकत फेकत पाण्यावर हिरवी रेघ ओढली, म्हणजे पाणी कुठं आहे ते वरून कळावं. विमान रेघेवर खाली आलं... आलं... आणि अगदी शेवटी झटकन डावीकडं सरकून उतरलं. सुखरूप!

गोरा पायलट आबांचा हात सोडेना. मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम्हारा दूसरा आदमी किधर? लाल झंडावाला?"

काहिलीत आबा एकटे होते. अख्ख्या गावानं बघितलेलं!

आबांनी जाऊन त्या रेघेवर बांबू घातला, तर हातभर खाली पुरात रुतलेलं चिंचेचं अख्खं खोड.

दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन रहिमतपूर. पेटी बघून हमीदची आई उंबऱ्यातच बसली. आबा म्हणाले, "चाची, कुलूप तोडू नका. हमीद यील, त्योच उघडंल."

"कुणी सांगितलं रं तुला?"

"त्यानंच."

आणि काही महिन्यांनी हमीद आला!! वाहून गेलेल्याला खाली कुठल्या तरी गावानं काढलेलं, मग तापात कितीतरी दिवस दवाखान्यात बेशुद्ध. विमान वगैरे त्याला काहीच ठाऊक नाही. मग निशाण कुणी हलवलं? मी खूप डोकं लावलं, आजही उत्तर नाही.

आबांनी सगळं सांगितल्यावर हमीद म्हणे आधी चिडलाच. "एकटा गेलास व्हय रं? नियम इसरलास?"

आबा म्हणाले, "एकटा कुठं व्हतो गड्या?"